पॅड न सोडलेला माणूस

डब्लिनला लेकीकडे आलोय. तिच्या घरामागच्या क्रिकेट क्लबात शंभरेक वर्षांपूर्वीच्या आयरिश संघाचा फोटो आहे. पावसात खेळ थांबला तेव्हाचा. सगळ्यांनी कोट चढवलेत. एकाच्याच पायांना अजून पॅड आहेत.

क्लबातले एक म्हातारे सभासद म्हणाले, "पुढचा नंबर त्याचा होता. पाऊस थांबलाच नाही. आयर्लंडकडून पुन्हा कधी बोलावणंही आलं नाही."

धावून दमणाऱ्यांचं निदान नाव होतं. नुसती वाट बघूनही पाय भरून येतात, हे कुणाला सांगणार? मीही ऑफिसात जन्मभर पुढच्या नंबरावरच होतो.

घरी येऊन खुर्चीत टेकलो.

"बाबा, बूट तरी काढा!"

मला वाकवेना. लेक खाली बसून नाड्या सोडू लागली.

त्याचे पॅड कुणी सोडले असतील?