माझी कावीळ

हे मी बायकोला सांगितलं नाही, मित्रांना नाही, दोन पेग पोटात गेल्यावरसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही दामूला ओळखत नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी आणि दामू नागपुरात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. काय मजेचे दिवस होते ते! मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त बाहेर काढून, साफ करून परत देणारं यंत्र नवंच आलेलं. आणि रक्ताची खोड अशी, की काचेला लागलं की गोठलंच. म्हणून यंत्रातल्या काचेच्या कुप्यांना आतून सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा – बुडवायच्या, निथळायच्या, भट्टीत तापवायच्या. थर नीट बसला की पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळायचं. आम्ही दोघं खुळ्यासारखे बघत बसायचो.

पण नुसत्या पाण्याने कसं भागणार? ताजं रक्त लागायचं. थोडं थर दिलेल्या नळीत, थोडं साध्या नळीत, मग दोन्ही तिरक्या करून बघायचं – कुठलं आधी गोठतं. रक्त कोणाचं? आमचंच, आळीपाळीने. देणाऱ्याला प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर मॅडमकडून तर्री-पोहे.

आणि इथेच – थांबा, सांगतो. मी दिवसभर लोकांना सुया टोचायचो. स्वतःला टोचून घ्यायची म्हटलं की काहीतरी काम काढून सटकायचो. माझी बारी आली तेव्हा मॅडमनी विचारलं, कधी कावीळ झाली होती का? झाली असेल तर रक्त घ्यायचं नाही, असा नियम. मी चटकन हो म्हणालो. लहानपणी, उमरेडला, मामाकडे. मला उमरेडला मामाच नव्हता!

"जाऊ दे गा, तुई बारी मी करतो," दामू म्हणाला. आणि करत राहिला. वर अर्धे पोहे मला द्यायचा. मी खायचो. एकदा सगळ्यांचा चहा होऊन गेला तरी थराच्या नळीतलं रक्त पाण्यासारखं हललं, तेव्हा आम्ही तिथेच नाचलो – मॅडमसुद्धा! थर माझा, रक्त दामूचं. एवढंच असतं तर हे मी कधीच हसत सांगून टाकलं असतं.

पण मग दामूच्या बायकोचं, सुमनवहिनींचं, बाळंत होताना फार रक्त गेलं. गट दुर्मीळ, नेमका माझाच. रक्तपेढीत त्या गटाची बाटली नव्हती. दामू धावत माझ्याकडे आला आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच थबकला. "तुया गट जुळते गा... पण तुले त कावीळ झालती." तेव्हा मला काय वाटलं असेल? लाज? नाही – हायसं वाटलं.

त्या गटाचा एक ओळखीचा माणूस शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायचा. मी सायकल काढली. मेच्या उन्हात, कोळशाच्या ट्रकांची धूळ खात गेलो आणि सायकल तिथेच टाकून त्याला बसमधून घेऊन आलो. तोवर वहिनी तशाच पडून होत्या. वाचल्या! मुलगी झाली! दामूने मला उचलून गरागरा फिरवलं.

ती मुलगी आता स्वतः आई आहे. तिच्या दर वाढदिवसाला वहिनी पहिली संत्रा बर्फी मला भरवतात आणि पाहुण्यांना सांगतात, "यायनं उन्हात सायकल हाणली म्हणून मी जित्ती हाओ." सगळे टाळ्या वाजवतात. मीही हसतो, आणि खरंच सुखात असतो, कारण त्या घराएवढं मला दुसरं घर आवडत नाही.

मला कावीळ कधी झालीच नव्हती. बाही वर करायची होती, बस्स. त्या दिवशी मला सुईपेक्षा कोराडी जवळ वाटली.