मोगीताईंच्या हातावरचे आकडे

"चौदा घरं, अठरा मिनिटं, आणि सगळी एकाच जागेवरून!" पाटील साहेबांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. साहेब मूळचे ब्राह्मणपुरीचे. ऑफिसात मराठी बोलतात, पण डोकं फिरलं की अहिराणीवर येतात. त्या दिवशी लगेच आले. "हाई बाई घर बसीसन भेटी भरी ऱ्हायनी. काढी टाकू तिले!"

मी एका आरोग्य प्रकल्पाच्या नंदुरबार ऑफिसात फोन आणि ॲप सांभाळतो. आमच्या सेविका पाड्यांवर जाऊन बाळांची वजनं घेतात आणि ॲपमध्ये भरतात. नोंद कुठून केली आणि किती वाजता, हे फोन आपोआप टिपतो. मोलगीच्या पलीकडच्या मोगीताईंच्या सगळ्या नोंदी त्यांच्या घरातून होत्या. नवे फोन दिले तेव्हापासून हेच. त्याआधीच्या सहा वर्षांत त्यांच्याबद्दल एक तक्रार नाही. त्यांच्या पाड्यावर दहावी झालेल्या त्या एकट्या, आणि ही नोकरी गेली तर तिथं दुसरी नाही.

"साहेब, आधी बघून येतो," मी म्हणालो.

"दोन दिवस. मग पत्र निघेल."

मोलगीपर्यंत जीप, पुढे पायी. मी कोरीटचा, सपाटीवरचा माणूस. पहिल्याच चढाला जीभ बाहेर आली. मोगीताई दारातच भेटल्या. मी आडवळण न घेता विचारलं, "फोन कुठाय?"

त्यांनी ज्वारीच्या कणगीत हात घातला आणि फडक्यात बांधलेला फोन काढला. एक कोपरा तडकलेला, बाकी कोरा करकरीत.

"फोन कणगीत? मग भेटी कशा करता?"

त्यांनी बांगड्या वर सरकवल्या. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पेनानं नावं आणि आकडे. "मोजते, हातावर लिहिते, घरी येऊन भरते."

"बरोबर न्यायला काय होतं?"

"चला ना सर. आज तुम्हीच घ्या फोन."

घेतला. शर्टाच्या खिशातून तो अर्धा बाहेर. नाल्यात उतरताना वाकलो तर सुळकन निसटला, नशिबानं हातात आला. पॅंटच्या खिशात घातला तर चढताना दर पावलाला मांडीत रुतायला लागला. ताई काठी टेकत पुढे, खांद्यावर वजनकाटा. कमरेला खोचलेल्या लुगड्याची घडी दाखवून म्हणाल्या, "जुना बारका फोन इथं बसायचा. हा पहिल्याच दिवशी दगडावर पडला. फुटला तर जबाबदारी तुमची, अशी सही घेतली ना ऑफिसनं? मग ठेवला जपून."

पहिल्या घरी त्यांनी काटा वाशाला टांगला, झोळीत बाळ ठेवलं. आकडा वाचून झाला तरी झोळी हलते, म्हणून खाली एक हात लागतोच. "धरा बाळ," ताई म्हणाल्या. "आता भरा."

एक हात बाळाखाली, दुसऱ्यात फोन. माझा अंगठा अर्ध्या स्क्रीनपर्यंत पोचला आणि संपला. सेव्हचं बटण वरच्या टोकाला. बोट ताणलं की फोन हातातून कलंडायचा. दोनदा कलंडला. बाळाची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय सोडता सर? बाळ का फोन?" ताईंनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण हे फोन निवडणारा शहाणा मीच. ऑफिसात पंख्याखाली बसून, टेबलावर ठेवून, दोन्ही हातांनी चालवून बघितले होते. स्क्रीन मोठा, अक्षरं मोठी, बायांना सोपं जाईल म्हणून खूश झालो होतो. पण एकाही बाईच्या हातात देऊन बघितला नव्हता. आणि नोकरी जाणार होती मोगीताईंची.

ताईंच्या हातावर सकाळी लिहिलेल्यांपैकी तीन बाळांची वजनं मी स्वतः पुन्हा घेतली. तिन्ही जुळली.

दुसऱ्या दिवशी अहवाल टाइप केला. भेटी खऱ्या. नोंदी खऱ्या. चूक फोनच्या निवडीची. निवड करणारा मी. साहेबांनी दोनदा वाचला.

"तुन्हं नाव लिखानी काय गरज व्हती?"

"पत्र कोणाच्या तरी नावानं निघणारच होतं ना साहेब?"

साहेबांनी ताईंचं पत्र फाडलं आणि मला ज्ञापन दिलं, म्हणजे लेखी तंबी. ती अजून माझ्या फाइलला आहे. मग मी कपाटातले जुने बारके फोन काढले, ॲप हलकं केलं, सेव्हचं बटण खाली अंगठ्याजवळ आणलं. मोलगीकडच्या सेविकांना तेच दिले. आता नवा फोन आला की आधी कडेवर पाच किलो तांदळाची पिशवी घेतो आणि ऑफिसचा जिना चढत एका हातानं फॉर्म भरतो. शिपाई हसतात. हसू देत.

महिन्यानं मोगीताई भेटल्या. बारका फोन कमरेला, नोंदी पाड्या-पाड्यावरून येत होत्या. पण डाव्या हातावर आकडे होतेच.

"आता कशाला हो ताई?"

त्यांनी बांगड्या खाली ओढल्या. "हा फोनही तुम्हीच दिलाय ना, सर."