सुजलेल्या गुडघ्याचं तिकीट

जगातल्या झाडून सगळ्या दुखण्यांवर पोस्टाचं तिकीट हा एकमेव रामबाण उपाय आहे, असं मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझ्या वाट्याला बायकोचा मामा म्हणून आला आहे. मामा मूळचे निपाणीकडचे. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कन्नड मुलखाच्या राजधानीत, इंदिरानगरात राहिले. ते मराठीत रागावतात, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि शिव्या मात्र खास लष्करी हिंदीत देतात. फोन हे शत्रूनं मुद्दाम आपल्यात सोडलेलं यंत्र आहे असा त्यांचा ठाम समज असल्यामुळे आमच्या मारतहळ्ळीच्या घरी त्यांचा सगळा व्यवहार टपालानं चालतो. रविवारच्या जेवणाचं आमंत्रण आम्हाला मंगळवारी मिळतं आणि न गेल्याबद्दलचा रागही यथावकाश पोस्टानंच येतो.

मामांची योजना तशी साधी. सरकारनं पत्रावर लावायचं एक खास तिकीट काढावं, ते नेहमीपेक्षा रुपयाभर महाग विकावं आणि तो वरचा रुपया म्हाताऱ्या सैनिकांच्या औषधपाण्याला द्यावा. त्यातून खेडोपाडी फिरता दवाखाना काढायचा, कारण दवाखाना जिल्ह्याला आणि शिपाई खेड्यात, मधली एसटी पकडायला गुडघा धड नाही, हे त्यांचं रोजचं गाऱ्हाणं. हे ऐकून मी एकदा अतिशय नम्रपणे विचारलं, "पण मामा, हल्ली पत्रं लिहितो कोण?"

"तेच की ओ जावईबापू! लोकांनी आधी पत्रं लिहायला लागायला पाहिजे."

म्हणजे देशातल्या तमाम जनतेनं मोबाईल खाली ठेवून दौत-टाक उचलायचे, मग सैनिकाचा गुडघा बरा व्हायचा! लढाईची आखणीही हे असंच करत असतील, तर शत्रू हसून हसूनच माघारी गेला असणार.

तिकिटावर चित्र काय असावं, यावरून तर मामांनी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीशी उभा दावा मांडला. कार्यकारिणीत सगळी पुण्या-मुंबईची कंपनीवाली मंडळी. कुणी म्हणालं लढाऊ विमान, कुणी म्हणालं बर्फातला झेंडा. मामा म्हणाले, "गुडघा." एवढंच. म्हाताऱ्या शिपायाचा, सुजलेला. शेवटी इथल्याच शिवाजीनगरातल्या एका छापखान्यातून त्यांनी स्वखर्चानं नमुन्याची तिकिटं छापून आणली. छापखानेवाल्यानं जीव ओतून काढलेला तो गुडघा हुबेहूब बटाटेवड्यासारखा दिसत होता आणि खाली लिहिलं होतं, 'यांना विसरू नका.'

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होता मामांच्या तुकडीतला एक जुना हवालदार. निपाणीजवळच्या खेड्यात राहणारा, अबोल माणूस. काचबिंदूनं त्याचा एक डोळा गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. इकडे मामा दिल्लीला अर्जामागून अर्ज धाडत होते आणि तिकडे हवालदाराला दिसणारं जग बाजूबाजूनं मिटत चाललं होतं. मामी कंटाळून म्हणायच्या, "आधी त्या माणसाला इथं आणून डोळे दाखवा, मग तुमचं तिकीट छापा." मामा म्हणायचे, "एकट्याचं करून काय होतंय? सगळ्यांचं झालं पाहिजे."

मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात मामांनी नमुन्याच्या तिकिटांचं टेबल लावलं. शेजारीच मामींचं चिवड्याचं टेबल. व्यासपीठावर चिटणीस गहिवरून बोलत होते, "सीमेवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्या आपल्या जवानांना..." तेवढ्यात मागून मामा गरजले, "तेल नको! ड्रॉप घाला, ड्रॉप!" सभागृह हसलं. मग सगळ्यांनी उभं राहून कडकडून टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळींना टाळ्या वाजवायला फार आवडतं. त्यात खर्च नसतो.

नमुन्याची तिकिटं हातोहात संपली. कुणी लॅपटॉपवर चिकटवलं, कुणी फोनच्या पाठीवर, एकानं तर पोराच्या गालावर. पत्रावर कुणीच नाही. बऱ्याच जणांना बिचाऱ्यांना खरंच काही द्यायचं होतं. "अंकल, क्यूआर कोड आहे का?" असं एका मुलीनं विचारलं, तर मामा तिच्यावर उखडले. "भीक नको! दान देऊन माणूस मोकळा होतो आणि विसरतो. तिकीट पत्र लिहिणारा बघतो, पोस्टमन बघतो, घेणारा बघतो. तिघांना कळतंय, शिपाई आजारी आहे!"

मुलगी हिरमुसून वळली, तशी मामींनी तिला खुणेनं बोलावलं आणि चिवड्याच्या डब्याआडून आपला कोड पुढे केला. मामांनी हाकललेला प्रत्येक माणूस असा चिवड्यापाशी थांबून गेला. दुसऱ्या दिवशी मामींनी जाहीर केलं, "हवालदारांना बोलवून घ्या. ऑपरेशन करायचं."

"पैसे कुठले?"

"चिवड्याचे."

"एवढा खपला चिवडा?"

"खपला."

हा सैन्यात गस्त घातलेला माणूस यावर विश्वास ठेवून मोकळा झाला!

ऑपरेशन नीट झालं. उरलेली नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी छाती काढून विचारलं, "आणि दुसरा डोळा?" डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. मान हलवून म्हणाले, "स्वल्प लेट आयतु, सर." थोडा उशीर झाला.

बाहेर बाकावर मामा बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी अर्ज लिहीत बसलो नसतो, तर दोन्ही वाचले असते का ओ?"

मामांच्या प्रत्येक वाक्यावर माझ्याकडे एक टोमणा तयार असतो. त्या वेळी मी उठून गाडी दारापाशी आणली.

घरी येताना मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवर मामा आणि पट्टी बांधलेला हवालदार. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तो अबोल माणूस आपणहून बोलला, "सायेब, तिकिटाचं काय झालं? कधी निघतंय?"

या विषयावर तासभर न थांबता बोलणारे मामा हळूच म्हणाले, "बघू." दुपारचं ऊन काचेतून सरळ हवालदाराच्या तोंडावर येत होतं. मामांनी खिडकीशी हात आडवा धरला, आणि इंदिरानगरची ती सगळी गर्दी ओलांडून घर येईपर्यंत खाली घेतला नाही.