किल्लीकडे जाणारा हात

गाडी दारात येऊन थांबली की मिस्त्री चालकाच्या बाजूला जात, उघड्या काचेतून कोपरापर्यंत हात आत घालत आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करत. आत कोण बसलंय हे ते बघतसुद्धा नसत. एकदा एक फौजदार होते, त्यांच्या पोटावरूनही तो काळा हात तसाच गेला. मग किल्ली स्वतःच्या खिशात टाकून, बॉनेटवर तळवा ठेवून म्हणत, "दमलंय. बसू दे त्याला."

त्यांना नाव होतं, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते कुणी घेत नसे. सगळे मिस्त्रीच म्हणत आणि मीही म्हणत असे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात इंजिन हा विषय शिकवायचो. शिकवायचो म्हणजे फळ्यावर. माझी स्कूटर बंद पडली की ढकलत त्यांच्याकडे न्यायचो, आणि ते माझ्याकडे बघून हसायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशीच ओळख झाली. नंतर स्कूटर धड असली तरी रविवारी सकाळी माझे पाय तिकडेच वळू लागले.

त्यांचं खरं काम शर्यतीच्या इंजिनांचं. आमच्याकडे काही हौशी मंडळी होती, शाहूवाडीच्या बाजूच्या घाटात गाड्या पळवायची. एका वेळी एक गाडी, खालून वरपर्यंत, हातात स्टॉपवॉच. त्यातल्या चांगल्या गाड्यांची इंजिनं मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली असत. हवा आत जाण्याची वाट ते कानशीनं घासत, मग करंगळी आत घालून डोळे मिटत. नखाला इतकासा जरी खडबडीतपणा लागला तरी पुन्हा कानस. दोन दोन दिवस चालायचं. मालक खोळंबून वैतागायचा आणि मिस्त्री म्हणायचे, "त्याला श्वास घेता आला पायजे की."

ज्याला आम्ही वर्गात नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणायचो, त्याला ते 'आपल्या दमावरचं इंजिन' म्हणत. जेवढी हवा ओढता येईल तेवढी ओढायची, तेवढंच पळायचं. टर्बो म्हणजे त्यांच्या लेखी 'फुंकणीचं इंजिन'. बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा आत कोंबतं, हे मी त्यांना चित्र काढून समजावलं होतं. चित्र त्यांनी नीट पाहिलं, आणि मग विचारलं की भूक लागली की जो आपण होऊन जेवतो त्याला भरवायचं कशाला. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सूत्रात होतं.

त्यांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक इचलकरंजीचे एक कारखान्याचे मालक. यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे साधा चहा मागितला तरी भांडण चाललंय असं वाटायचं. त्यांच्या लहानशा पांढऱ्या गाडीनं मिस्त्रींच्या इंजिनावर घाटात तीन वर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मालकांनी मुंबईहून एक जपानी गाडी आणली. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, टर्बोची. मिस्त्रींनी त्या गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि पुन्हा हळूच लावलं. मालक म्हणाले, जमत नसेल तर सांगा, पुण्यात माणसं आहेत.

त्या संध्याकाळी मिस्त्री माझ्या घरी आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. हातात रुमालात गुंडाळलेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं. मला वाचून सांगा म्हणाले. आणि जिन्यात चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "आता ह्येच येणार म्हनत्यात. आपल्याला आलं न्हाय तर आपुन संपलो."

मी वाचून सांगितलं. दोन रविवार आम्ही गॅरेजमध्ये उलट्या खोक्यांवर बसलो होतो. एकेक पान वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि झालं की खाली पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. पेपर तपासून तपासून लागलेली सवय, दुसरं काय. मिस्त्री मन लावून ऐकत. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारत नसत.

शेवटी सूचनांची पानं आली. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वाचनाचा कंटाळा आला होता आणि भविष्य सांगायची खुमखुमी आली होती. मी म्हणालो, या नेहमीच्याच सूचना आहेत, पाणी घाला, पट्टा लावा वगैरे. पानं उलटली, खुणा केल्या आणि पुस्तक मिटलं. मग पुढच्या काळातल्या शर्यतीच्या गाड्यांवर माझं व्याख्यान सुरू झालं. आपल्या दमावरची मोठी इंजिनं जातील. लहान इंजिन आणि त्याला टर्बो असं होईल. त्याच्याही पुढे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर येईल, दोघं मिळून गाडी ओढतील. मिस्त्रींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे जोडीचा संसार. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

मी उलटलेल्या पानांपैकी एकावर असं लिहिलं होतं: जोरात चालवल्यानंतर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं तसंच चालू ठेवा. टर्बोचा दांडा तेलावर फिरतो. इंजिन बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो, आणि तापलेल्या दांड्याभोवती उरलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो.

आता तुम्हाला तो हात आठवला असेल.

चार महिने सराव चालला. गाडी घाट चढून लालभडक होऊन वर यायची, आणि वर मिस्त्री उभेच असायचे. हात आत, किल्ली बंद, तळवा बॉनेटवर. इतक्या मायेनं त्यांनी ते यंत्र मारलं. मी दोनदा तिथे हजर होतो आणि मला काहीही खटकलं नाही. उलट, हा माणूस नव्या इंजिनालाही कसा जीव लावतो, असं मनात येऊन मला भरून आलं होतं.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या वळणावर गाडीनं शिट्टीसारखा आवाज काढला. मागून निळा धूर आला आणि गाडी वर पोचलीच नाही. आठ दिवसांनी पुण्याचा एक माणूस आला. त्यानं टर्बो खोलला आणि आतली काळी खपली नखानं काढून दाखवली. मग पुस्तक मागवून ते पान उघडलं आणि विचारलं, बंद करण्याआधी दोन मिनिटं थांबत होता ना?

गॅरेजात सात-आठ माणसं होती. मी मिस्त्रींच्या शेजारी, हातभर अंतरावर होतो. मालकांनी आपल्या त्या मागाच्या आवाजात विचारलं, "मिस्त्री, हे काय केलंसा?"

मिस्त्रींनी त्या पानावर उघडलेलं पुस्तक हातात घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले. मग पुस्तक मिटून मालकांना दिलं आणि म्हणाले, "चूक माझ्या हाताची हाय."

 मी तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. मग ते मी मिटलं. प्राध्यापकानं ते पान वाचलंच नव्हतं, हे त्या सात-आठ जणांसमोर कबूल करायला एक वाक्य पुरलं असतं. त्या न बोललेल्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

गाडी पुण्याला गेली आणि तिच्या मागोमाग घाटातल्या इतर गाड्याही गेल्या. मिस्त्री पंपाची, रिक्षांची, ट्रॅक्टरची इंजिनं करू लागले. ते त्याच निगुतीनं करत. रिक्षाच्या इंजिनातही करंगळी घालून डोळे मिटत. फक्त एक गोष्ट बदलली होती, आणि ती मी सोडून बहुधा कुणाच्या लक्षात आली नसेल. गाडी दारात थांबली की ते दोन पावलं मागे सरकत आणि हात पाठीशी बांधून उभे राहत. इंजिन ज्याचं त्यानं बंद करायचं. 'बसू दे त्याला' हे मी पुन्हा ऐकलं नाही. रविवारी मी जातच होतो. मिस्त्रींच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा द्यायच्या, मिस्त्री जगाच्या गप्पा मारायचे आणि मी दर वेळी सांगायचं ठरवून न सांगता परतायचो. असं नऊ वर्षं चाललं.

मग माझा एक जुना विद्यार्थी, आता मोठ्या हुद्द्यावर असलेला, जोडीच्या इंजिनाची गाडी घेऊन कोल्हापूरला आला. पेट्रोल आणि बॅटरी, दोन्ही. चालवून बघा सर, म्हणाला. मी गाडी घेतली आणि थेट मिस्त्रींच्या घरी गेलो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांनी तोवर गॅरेज बंद केलं होतं. वहिनींनी आणि मी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं.

ताराराणी चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली आणि आतलं इंजिन आपोआप बंद झालं. मिस्त्री दचकले. पंखा चालू, दिवे चालू, आणि आवाज मात्र नाही. त्यांनी कान दिला, मग हलकेच हसले.

"ह्याला आपुन व्हऊन कळतंय व्हय, दमलंय म्हनून?"

त्या शांततेत माझ्याच्यानं राहवलं नाही. मी समोर बघत सगळं सांगून टाकलं. ते पान मी वाचलं नव्हतं, न वाचताच उलटलं होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मी गप्प बसलो.  मिस्त्रींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या पानाखालची खूण बगितली हुती की मी. बरोबरची. त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी पोरांना शिकिवताय, सर. चारचौघांत तुमचा शब्द पडला असता. माझं काय, हात काळंच हुतं."

सिग्नल सुटला तरी मी जागचा हललो नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. मिस्त्रीच म्हणाले, चला, लोकं खोळंबल्यात.

घराशी आल्यावर मी उतरून त्यांना धरायला निघालो, तर नको म्हणाले, बसा. काठी टेकत स्वतःच उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. मला वाटलं निरोप घेताहेत, म्हणून काच खाली केली. तेवढ्यात तो हात आत आला. कोपरापर्यंत, माझ्या छातीवरून, किल्लीच्या जागी.  बोटं चाचपडली, कारण त्या गाडीला फिरवायची किल्लीच नव्हती. मी त्यांचं बोट धरून एका बटणावर नेलं आणि त्यांनी ते दाबलं. आवाज तर आधीच नव्हता, समोरचे दिवे तेवढे गेले.

मिस्त्रींनी बॉनेटवर तळवा ठेवला. "बसू दे त्याला," म्हणाले.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. वहिनींनी मला त्यांची कानस दिली, ती माझ्या टेबलावर असते. भविष्याबद्दलचं माझं व्याख्यान बरंचसं खरं ठरत चाललंय आणि त्याचा मला काडीचाही आनंद नाही. माझी गाडी साधी आहे, जुनी, आपल्या दमावरची. तिला दोन मिनिटं थांबायची काहीच गरज नाही. तरी दारात पोचलो की मी काच खाली घेतो आणि किल्लीला हात लावायला थोडा उशीर करतो.