तळहाताआडची किलकारी

गहलाच्या जिभेला बगदादच्या ज्यू मोहल्ल्यात मान होता. लग्न असो की सुंता, ती जीभ हलवून अशी किलकारी द्यायची की पलीकडच्या गल्लीतले लोक विचारायचे, "कुणाकडे कार्य आहे?" या किलकारीला तिथे हलाहिल म्हणतात. आपल्या कानाला हलाहल ऐकू येतं, आणि गहलाच्या बाबतीत ते काही फार चुकीचं नाही.

भिंतीला भिंत लागून तुफ्फाहा राहायची. गहलाच्या लेकीचं, लुलूचं लग्न ठरलं, तेव्हा तुफ्फाहाने वरपक्षाच्या कानात सांगितलं, "पोरीला फिट येते हो." धडधडीत खोटं. लग्न मोडलं.

त्या वर्षी वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या जेवणाला, मिसरवर कोसळलेल्या दहा संकटांची नावं घेत, दर नावाला वाडग्यात थोडी वाइन ओतली गेली. ते वाडगं अशुभ. त्यात कुणी पाहायचं नाही, घरच्या बाईने मुकाट मोरीत ओतून यायचं. गहला मोरीकडे गेलीच नाही. तिने ते तुफ्फाहाच्या उंबऱ्यावर उपडं केलं.

सण सरायच्या आत तुफ्फाहाचा थोरला मनाशे नदीत बुडाला. बातमी कानावर आली आणि गहलाच्या तोंडून किलकारी निघाली. तिने तळहात तोंडावर दाबला खरा, पण किलकारी पुरी करूनच ती थांबली. हेच तर वाईट.

सणात शोक पाळायचा नसतो. तुफ्फाहा नव्या कपड्यांत बसून राहिली, भिंतीपलीकडून हुंदकाही येईना. ती शांतता गहलाच्या कानात जाऊन बसली ती कायमची.

न राहवून ती धर्मगुरूंकडे, हाखामांकडे गेली. "वैरी पडला आणि एखादी हसली, तर?"

"देवाला खपत नाही, बाई. तो वैऱ्यावरचा राग काढून घेतो."

"आणि ठेवतो कुठे?"

हाखामांनी दाढीवरून हात फिरवला. "ते हसणारीला कळतं."

लुलूचं लग्न पुढे उशिरा झालं. आईने किलकारी दिली नाही. "जीभ झिजली माझी," म्हणाली. लुलूला दिवस गेले तशी गहलाची झोप उडाली. तो राग या बाळासाठीच राखून ठेवलाय, अशी तिची खात्री होती. मुलगा झाला, धडधाकट झाला, तरी सुंतेच्या दिवशी तिची नजर दारावरून हटेना.

"अगं आजीबाई, आता तरी दे की!" बायका ओरडत होत्या. गहला नुसती मान हलवून नाही म्हणत होती.

तेवढ्यात दारात तुफ्फाहा. मनाशे गेल्यापासून ती कुणाच्या कार्याला गेली नव्हती. ती थेट बाळाकडे निघाली. गहला वाटेत आडवी यायला धावली, तोच तुफ्फाहाने मान मागे टाकून किलकारी दिली. लांबलचक, मोकळ्या तोंडाची.

मग ती गहलाच्या कानाशी वाकली. "उंबरा मीच पुसला होता गं, लोकांनी बघायच्या आत. आणि त्या दिवशीची तुझी किलकारीही ऐकली होती, भिंतीतून. म्हटलं, तोंडावर हात न ठेवता कशी देतात, ते एकदा दाखवून यावं."

ती आली तशी निघून गेली. बायका पुन्हा म्हणाल्या, "दे ना गं!" गहलाने तोंड उघडलं, आणि तिला हंबरडा फुटला.