संत्र्याच्या पेटीतला कॉम्प्युटर

मी पत्रकं लिहितो, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो. ज्या हिवाळ्यात मी पांढुर्ण्याच्या भिंतींवर 'कॉम्प्युटर येईल, हाताचं काम खाईल' अशी पत्रकं चिकटवत फिरत होतो, त्याच हिवाळ्यात माझ्या सख्ख्या बहिणीनं सौंसरला कॉम्प्युटर घेतला. ही पत्रकं काढणाऱ्या आमच्या संघटनेत मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

ताई सौंसरला टायपिंगचा वर्ग चालवायची. सासरच्या घराची रस्त्याकडची खोली, जुने टाइपरायटर, आणि मधोमध हा नवा पाहुणा: नागपूरच्या दुकानदारानं जोडून दिलेला, त्याच्याकडचा सगळ्यात स्वस्तातला. मुली चपला बाहेर काढून आत यायच्या आणि त्याला हात लावायच्या आधी ओढणीला हात पुसायच्या.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत तो बंद पडला. आतला पंखा फिरायचा, पडदा मात्र काळाच. ताईनं दुकानात फोन लावला. उत्तर आलं, मदरबोर्ड गेला, डबा घेऊन या. ताईचे सासरे कापूस वेचणीच्या घाईत होते. ते ओट्यावरूनच म्हणाले, "सोमवारी कापूस येऊन राहिला. मशीन चालू असंल तर खोली तुही. नसंल तर कापसाची." ते रागावून बोलले असते तर बरं होतं. ते हिशेबानं बोलले, म्हणून ताई घाबरली. तिनं मला बोलावून घेतलं.

"तुले भांडता येते," ती म्हणाली. "दुकानदारासमोर माह्यासंग उभा राहा, बस."

मी तयार झालो, पण एक अट घातली. डबा उघडा न्यायचा नाही. संत्र्याच्या पेटीत, खालीवर तणस, म्हणजे वाळलेला पेंढा, घालून न्यायचा. आमच्याकडे काचसामान, रेडिओ, देवाच्या मूर्ती, सगळं असंच जातं, त्यामुळे कारण पटण्यासारखं होतं. खरं कारण निराळं होतं. आमच्या संघटनेचे पुढारी, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, लोधीखेड्याला राहायचे आणि सकाळच्या त्याच गाडीनं सावनेरला जायचे. ताईला ते न सांगताच कळलं. तरी तिनं पेटी आणून दिली.

मी तणस गच्च दाबलं आणि वरून सुतळी बांधली. वर चार संत्री ठेवायची अक्कल काही मला सुचली नाही.

संत्र्याची पेटी घेऊन गाडीत बसलेल्या माणसाला आमच्या भागात कोणी परवानगी विचारत नाही. तणसात हात घालायचा, संत्रं काढायचं, सोलून एक फोड तोंडात टाकायची आणि मग विचारायचं, कोणत्या बगीच्याचं? नाही म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण मी त्या दिवशी फक्त लपवण्याचा विचार करत होतो.

लोधीखेड्याला भाऊ चढले.

"वा रे वा! बगीचा घेतला का बे?" म्हणत ते समोर बसले आणि त्यांनी सुतळीखालून हात आत घातला. हात थांबला. पुन्हा चाचपलं. "अबे, हे तर लोखंड लागून राहिलं!"

त्यांनी तणस बाजूला केलं. फ्लॉपीची फट दिसली.

"टीव्ही होय काय?" मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मान लांब करून विचारलं.

"टीव्ही नाही, बावाजी. हा कॉम्प्युटर आहे. पोरायचं काम खाते हा. मी नाही सांगून राहिलो, ह्या पोरानंच लिहिलं आहे तसं."

गाडी हसली.

"संत्रे नाही त नाही," म्हातारा कुरकुरला, "पण लोकायले फसवाले पेटी कायले ठेवली?"

"ताईचा आहे तो," मी म्हणालो.

यात खोटं काहीच नव्हतं. पण ताई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं, ते नागपूर येईपर्यंत.

दुकानात मी ती सगळी लाज रागात घालून बाहेर काढली. उरलासुरला माल एकत्र जोडायचा आणि लहान गावांच्या गळ्यात मारायचा, ही लूट आहे, असं मी सुरू केलं. ते चूक नव्हतं, आजही नाही. दुकानदार ऐकत ऐकत स्क्रू काढत होता. त्यानं झाकण उचललं आणि डबा जरा तिरपा केला. तणसाचा झुपका टेबलावर पडला.

"मशीन चालवत होते की गाय पोसत होते?" तो म्हणाला. "आत कचरा गेला की गॅरंटी संपली."

बोर्ड तर तणस जाण्याआधीच मेला होता, पण हे आता सांगून कोण ऐकणार?

ताई शांतपणे म्हणाली, "बंद पडला तेव्हा आत काही नव्हतं. तणस आज सकाळी माह्या भावानं घातलं. तो कॉम्प्युटरच्या विरोधात पत्रकं काढते. कोणी पाहू नये म्हणून त्यानं संत्र्याच्या पेटीत लपवला. तरी लोकायनं संत्रे समजून हात घातलाच."

दुकानदार खुर्चीत मागे रेलून हसला. त्यानं आतल्या माणसालाही बोलावलं आणि ताईला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं, काही न गाळता. मी तिथेच उभा होतो.

"असं खोटं कोणी बनवू शकत नाही," डोळे पुसत तो म्हणाला आणि त्यानं नवा बोर्ड काढला.

स्वस्तातल्या डब्याची भोकं नव्या बोर्डाला जुळेनात. त्यानं पत्र्याला नवी भोकं पाडली. ताईनं डबा उलटा करून पत्र्याचा कीस झाडायला लावला, बोर्ड बसवून घेतला आणि दुकानातल्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटल्यावरच ती उठली. पेटी तिनं तिथेच सोडली.

परतीच्या गाडीत डबा उघडाच तिच्या मांडीवर होता. सावनेरला भाऊ चढले. ताईनं त्यांना पाहिलं, मला पाहिलं आणि डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"कोणाचा म्हणे हा?" भाऊंनी विचारलं.

"आमचा," मी पुटपुटलो.

"काय? सभेत तर तुले माईक लागत नाही."

"आमचा आहे, भाऊ."

ताईनं खिडकी लावून घेतली, धूळ येत होती म्हणून.

सोमवारी सासऱ्यांनी दारातूनच हिरवा पडदा पाहिला आणि कापूस पडवीत टाकायला सांगितला. पत्रकातलं एकही वाक्य मी मागे घेतलेलं नाही. पण संघटनेत मला आता नावानं कोणी हाक मारत नाही. "ए पेटी, इकडे ये बे," म्हणतात. मी ओ देतो.