बर्फातला डबा

साठीला टेकले होते, तरी भर बसमध्ये मी नातीच्या शौचाच्या नमुन्याला खीर म्हटलं. तेव्हा मला अक्कल कमी होती, अब्रू मात्र फार होती.

सहा वर्षांच्या पोरीच्या आतड्यांना सूज होती, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. तिच्या पोटातले जंतू अन्नाचं काय करतात ते पाहून डॉक्टर औषध आणि पथ्य ठरवणार होते. नमुना नागपूरपर्यंत थंड राहायला हवा होता, आणि माझा बर्फ साकोली सोडल्यावर लगेच वितळला.

शेजारी मासे विकणारी एक बाई बसली होती. दर थांब्याला ती टोपल्यावरचं ओलं पोतं उचलून बर्फातले मासे बघायची आणि निजलेल्या लेकराला झाकावं तसं पुन्हा झाकायची.

"काहून वो बाई, डब्बा पोटाशी धरून राहिल्या?"

"नातीसाठी खीर आहे. नासेल."

तिनं पिशवीत घट्ट बांधलेला डबा घेतला आणि सरळ माशांशेजारी बर्फात खुपसला. मी भंडाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

नमुना थंडच पोचला. औषध लागू पडलं. नात आता सायकलवरून पडते आणि आपली आपण उठते, म्हणून मला आज हसता येतं.

त्या दिवशी भंडाऱ्याला उतरताना ती मासेवाली डब्याभोवती घालायला बर्फ फोडू लागली, तेव्हा मात्र मी खरं सांगून टाकलं. ती सगळा बर्फ माझ्या पिशवीत ओतत म्हणाली, "लेकराचंच हाय ना? मंग लाजता कायले? माह्या मासोळ्याइले पाहा, एकीनं तरी नाक मुरडलं का?"